दूरच्या दीर्घिकांचा अवरक्त वर्णपट कसा घ्यावा: केक दुर्बीण आणि मॉस्फायर

ताम्रसृती (रेडशिफ्ट) २.३ असलेल्या दीर्घिकेतून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा सुमारे १,१०० कोटी वर्षे उलटून गेलेली असतात आणि विश्वाच्या प्रसरणामुळे त्याची प्रत्येक तरंगलांबी ३.३ पट झालेली असते. हायड्रोजनची एच-आल्फा रेषा मुळात ६,५६५ अँगस्ट्रॉमला, म्हणजे तांबड्या रंगात असते. या दीर्घिकेच्या वर्णपटात ती २.१७ मायक्रॉनला (१ मायक्रॉन म्हणजे १०,००० अँगस्ट्रॉम) सापडते. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ५,००८ अँगस्ट्रॉमची रेषा १.६५ मायक्रॉनला येते, तर एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ३,७२८ अँगस्ट्रॉमच्या आसपासची जोडरेषा १.२३ मायक्रॉनला. जवळच्या दीर्घिकांमधील ताऱ्यांच्या जन्माचा वेग, धुळीचे प्रमाण आणि वायूतील जड मूलद्रव्यांचा अंश ज्या रेषांवरून काढला जातो, त्या सर्व रेषा इथे अवरक्त पट्ट्यात गेलेल्या असतात. विश्वात तारे सर्वाधिक वेगाने जन्माला येत होते तो काळ याच सुमाराचा असल्यामुळे या रेषा मोजण्याला विशेष मोल आहे.

या लेखात एकच उदाहरण धरून प्रस्तावापासून मापनापर्यंतची वाट सांगितली आहे. दुर्बीण हवाई बेटावरील मौनाकेआची १० मीटर व्यासाची केक-१, उपकरण तिच्यावरील मॉस्फायर हा बहुलक्ष्यी वर्णपटमापक, आणि लक्ष्य ताम्रसृती २ ते २.६ मधील दीर्घिका. जेम्स वेब अवकाश दुर्बीण वातावरणाच्या वर असल्याने अतिक्षीण रेषांसाठी तिला तोड नाही. तरीही तिच्या वर्णपटमापकापेक्षा मॉस्फायरची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या ओळखण्याची ताकद, अधिक आहे, आणि एकाच प्रकारच्या शेकडो दीर्घिकांवर वर्षानुवर्षे चालणारी सर्वेक्षणे जमिनीवरून आजही उत्तम होतात. केएमओएस हे उपकरण असलेल्या चिलीतील व्हीएलटीसारख्या दुर्बिणींवरही तपशील बदलतात, विचाराचा क्रम बदलत नाही.

आधी आकाश समजून घ्यावे

नवख्या निरीक्षकाचे सगळे लक्ष दीर्घिकेवर असते. या कामात मात्र प्रत्येक निर्णयाच्या मध्यभागी आकाश ठेवावे लागते. दीर्घिका किती क्षीण आहे यापेक्षा तिची रेषा आकाशाच्या कोणत्या भागात पडते, यावर निकाल ठरतो.

वातावरणातील पाण्याची वाफ १.४ आणि १.९ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषून घेते. जे, एच आणि के हे पट्टे म्हणजे या शोषणाच्या मधल्या खिडक्या होत: साधारण १.१५ ते १.३५, १.४७ ते १.८० आणि १.९५ ते २.४० मायक्रॉन. मौनाकेआचे शिखर ४,२०० मीटरपेक्षा उंच असल्यामुळे वाफेचा मोठा भाग खालीच राहतो. शोषणापेक्षा कठीण अडचण मात्र उत्सर्जनाची आहे. सुमारे ८७ किलोमीटर उंचीवर हायड्रोजनचे अणू आणि ओझोन यांच्या प्रक्रियेतून उत्तेजित हायड्रॉक्सिल रेणू तयार होतात आणि ते शेकडो अरुंद रेषांच्या रूपाने प्रकाश सोडतात. या रेषांचे तेज काही मिनिटांतच बदलत राहते. के पट्ट्याच्या लाल टोकाला, साधारण २.२ मायक्रॉनच्या पुढे, दुर्बिणीची आणि हवेची स्वतःची उष्णता त्यात भर घालू लागते.

प्रमाण लक्षात यावे म्हणून एक आकडा पुरेसा आहे. तेज प्रतींमध्ये मोजतात आणि प्रत जितकी मोठी तितकी वस्तू क्षीण. एच पट्ट्यात आकाशाचे तेज दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सुमारे १४ व्या प्रतीचे असते, तर आपली दीर्घिका २२ व्या प्रतीची किंवा त्याहून क्षीण असते. आठ प्रतींचा फरक म्हणजे जवळपास दीड हजार पट. दिलासा एवढाच की आकाशाचा हा प्रकाश सारखा पसरलेला नसतो. तो अरुंद रेषांमध्ये एकवटलेला असतो आणि दोन रेषांच्या मधल्या जागा पुष्कळ काळोख्या असतात. वर्णपट पुरेसा विस्तृत पसरवला की या मोकळ्या जागा उघड्या पडतात. मॉस्फायरमध्ये ०.७ आर्कसेकंद रुंदीच्या फटीने एच आणि के पट्ट्यांत विभेदनक्षमता सुमारे ३,६०० मिळते, म्हणजे २.१७ मायक्रॉनला साधारण ६ अँगस्ट्रॉम. हायड्रॉक्सिलच्या रेषांमधले अंतर बहुतेक ठिकाणी याच्या कित्येक पट असते, म्हणूनच हे निरीक्षण जमिनीवरून शक्य होते.

लक्ष्यांची निवड

पहिले काम म्हणजे हव्या असलेल्या रेषा एकाच वेळी खिडक्यांमध्ये येतील असा ताम्रसृतीचा टप्पा निवडणे. २०१२ ते २०१६ या काळात मॉस्फायरवर झालेल्या मॉसडेफ सर्वेक्षणाने सुमारे १,५०० दीर्घिकांसाठी १.३७ ते १.७०, २.०९ ते २.६१ आणि २.९५ ते ३.८० असे तीन टप्पे घेतले होते. मधल्या टप्प्यात ऑक्सिजनची जोडरेषा जे पट्ट्यात, एच-बीटा (हायड्रोजनचीच दुसरी, निळ्या बाजूची रेषा) आणि ५,००८ ची रेषा एच पट्ट्यात, तर एच-आल्फा के पट्ट्यात येते. हे टप्पे निसर्गाने नव्हे, वातावरणाने ठरवलेले आहेत.

यादी बनवण्यासाठी हबल दुर्बिणीच्या कँडल्स सर्वेक्षणाची क्षेत्रे सर्वांत सोयीची, कारण तिथे खोल प्रतिमा, अचूक स्थाने आणि अनेक रंगपट्ट्यांतील तेजमापन आधीपासून उपलब्ध आहे. त्यांपैकी कॉसमॉस क्षेत्र १० तास विषुवांशाला (आकाशातील रेखांशाला) आणि खगोलीय विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेला आहे, त्यामुळे ते फेब्रुवारीच्या उत्तरार्धात मध्यरात्री मध्यमंडलावर, म्हणजे आपल्या सर्वांत उंच स्थानी, येते. मौनाकेआवरून त्या सुमारास ते ३० अंशांपेक्षा अधिक उंचीवर सुमारे पावणेआठ तास राहते.

यानंतरचा भाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. निरनिराळ्या रंगपट्ट्यांतील तेजावरून काढलेल्या ताम्रसृतीत (१ + ताम्रसृती) च्या ३ टक्के इतकी चूक धरली तर २.३ ला ती ०.१ होते आणि एच-आल्फाचे अपेक्षित स्थान ६५० अँगस्ट्रॉमने पुढे-मागे होऊ शकते. एवढ्या पल्ल्यात हायड्रॉक्सिलच्या अनेक रेषा असतात, त्यामुळे आपली रेषा मोकळ्या जागेत पडेल की नाही हे सांगता येत नाही. हबलच्या ग्रिझम (प्रकाश पसरवणारा जाळीचा लोलक) वर्णपटांमधून, उदाहरणार्थ थ्रीडी-एचएसटी सर्वेक्षणातून, मिळालेल्या ताम्रसृतीची चूक याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. मग अनिश्चितता ६५ अँगस्ट्रॉमवर येते आणि निदान अंदाज बांधता येतो. दृश्य प्रकाशातील वर्णपटावरून, म्हणजे मूळच्या अतिनील रेषांवरून, ताम्रसृती आधीच ठाऊक असेल तर उत्तमच, मात्र त्या रेषा दीर्घिकेतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूच्या असल्यामुळे त्यांच्यात दर सेकंदाला शंभर-दोनशे किलोमीटरचा फरक असू शकतो, हे विसरू नये.

प्रत्येक लक्ष्याच्या प्रत्येक रेषेचे अपेक्षित स्थान हायड्रॉक्सिलच्या रेषासूचीशी ताडून पाहावे आणि ‘मोकळी’, ‘काठावर’ किंवा ‘झाकलेली’ अशी नोंद यादीतच करावी. मोकळ्या रेषा असलेल्या दीर्घिकांना झुकते माप देताना नमुना एकांगी होईल अशी भीती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे, कारण आपल्या वातावरणातील रेणूंच्या रेषा कुठे आहेत याचा त्या दीर्घिकेच्या वस्तुमानाशी किंवा धुळीशी काहीही संबंध नाही. खरा एकांगीपणा येतो तो केवळ निळ्या आणि तेजस्वी दीर्घिका निवडल्याने: धुळीने झाकलेल्या दीर्घिका त्यातून नकळत गळतात. मॉसडेफने म्हणूनच मूळच्या दृश्य प्रकाशाच्या जवळ जाणाऱ्या हबलच्या १.६ मायक्रॉन प्रतिमेतील तेजावर निवड केली. शक्य असेल तिथे हाच मार्ग धरावा.

मास्कची आखणी

मास्क म्हणजे निवडलेल्या दीर्घिकांचाच प्रकाश फटींतून आत सोडणारा पडदा. पूर्वी धातूच्या पत्र्यात फटी कापून मास्क बनवावे लागत आणि अवरक्त उपकरण अतिशीत ठेवावे लागत असल्याने मास्क बदलणे मोठे काम असे. मॉस्फायरची खरी कल्पकता इथे आहे. २०१२ मध्ये कार्यान्वित झालेल्या या उपकरणाच्या निर्वात शीतपेटीच्या आत ४६ जोड्यांमध्ये बसवलेल्या ९२ पट्ट्या आहेत. प्रत्येक जोडीतील मोकळी जागा म्हणजे एक फट. पट्ट्या आज्ञेनुसार सरकतात आणि काही मिनिटांत पूर्ण नवा मास्क तयार होतो. इयन मॅक्लीन आणि चार्ल्स स्टायडेल यांच्या नेतृत्वाखाली हे उपकरण तयार झाले, आणि एका वेळी पंचवीस-तीस दीर्घिकांचे अवरक्त वर्णपट घेण्याची सोय त्यामुळे नित्याची झाली.

आखणीसाठी मॅग्मा हे वेधशाळेचे सॉफ्टवेअर वापरतात. त्याला लक्ष्यांची स्थाने, तेज आणि प्राधान्यक्रम द्यायचे. ते मास्कचे केंद्र आणि स्थितिकोन (मास्क आकाशात किती फिरवला तो कोन) बदलून अधिकाधिक गुण मिळवणारी मांडणी शोधते. उपकरणाचे दृश्यक्षेत्र ६.१ बाय ६.१ आर्कमिनिटे असले तरी लक्ष्ये मधल्या ३ आर्कमिनिटांच्या पट्ट्यात ठेवावीत. त्याबाहेर गेलेल्या लक्ष्याचा वर्णपट डिटेक्टरच्या कडेला सरकतो आणि पट्ट्याचे एक टोक कापले जाते. कापले जाणारे टोक नेमके आपल्या रेषेचे असू शकते, म्हणून हे प्रत्येक लक्ष्यासाठी वेगळे तपासावे.

प्रत्येक फटीची लांबी सुमारे ७ आर्कसेकंद असते. लक्ष्य फटीच्या टोकाजवळ आले तर पुढे सांगितलेल्या सरकवण्याच्या पद्धतीत ते फटीबाहेर जाईल. अशा वेळी शेजारच्या दोन पट्ट्या जोडून लांब फट करावी. फटीची रुंदी ०.७ आर्कसेकंदांपेक्षा वाढवण्याचा मोह आवरावा, कारण दीर्घिकेचा थोडा अधिक प्रकाश मिळतो खरा, पण विभेदनक्षमता घटते आणि हायड्रॉक्सिलच्या रेषा फुगून मोकळ्या जागा खातात.

दोन प्रकारचे तारे मास्कमध्ये हवेतच. संरेखनासाठी, शक्यतो पाच, मास्कभर विखुरलेले तारे निवडावेत. तीनपेक्षा कमी असतील तर फिरकीची चूक नीट कळत नाही. त्यांची स्थाने आणि दीर्घिकांची स्थाने एकाच निर्देशांक-चौकटीत असली पाहिजेत. एका सूचीतील तारे आणि दुसऱ्या सूचीतील दीर्घिका घेतल्या आणि त्या दोहोंमध्ये ०.३ आर्कसेकंदांचा फरक निघाला, तर सर्व तारे अचूक बसूनही एकही दीर्घिका फटीच्या मध्यावर येत नाही. ताऱ्यांची स्थाने अतिशय अचूक मोजणाऱ्या गाइया उपग्रहाच्या स्थानांशी दोन्ही सूच्या ताडून घेतल्यास ही अडचण मुळातच राहत नाही. दुसरा प्रकार म्हणजे दीर्घिकेसारख्याच फटीत ठेवलेला किमान एक मध्यम तेजाचा तारा. एका लक्ष्याची जागा त्यासाठी सोडणे जिवावर येते, पण हाच तारा रात्रभर सीइंग (हवेच्या हालचालीने प्रतिमा किती पसरते ते), ढग आणि मास्कची सरक यांची साक्ष देतो आणि शेवटी तेजाचे मापन जुळवायलाही उपयोगी पडतो. ही जागा कधीही वाचवू नये.

एक्सपोजरचा हिशेब

के पट्ट्यात सामान्यतः १८० सेकंदांचे, तर जे आणि एच पट्ट्यांत १२० सेकंदांचे एक्सपोजर घेतात. वरची मर्यादा आकाश ठरवते: फार लांब एक्सपोजर घेतले तर दरम्यान हायड्रॉक्सिलचे तेज बदलते आणि वजाबाकी बिघडते. खालची मर्यादा डिटेक्टर ठरवतो, कारण फार छोट्या एक्सपोजरमध्ये वाचनाचा नॉइज, म्हणजे डिटेक्टर वाचताना येणारा यादृच्छिक चढउतार, वरचढ होतो. तो कमी करण्यासाठी प्रत्येक एक्सपोजरच्या सुरुवातीला आणि शेवटी डिटेक्टर १६ वेळा वाचून सरासरी घेतली जाते.

दोन एक्सपोजरच्या मध्ये दुर्बीण फटीच्या दिशेने अडीच ते तीन आर्कसेकंद सरकवतात. पहिल्या स्थानाला ए आणि दुसऱ्याला बी म्हटले तर क्रम ए-बी-बी-ए असा ठेवावा, म्हणजे आकाशाचे तेज एका दिशेने हळूहळू बदलत असले तरी त्या बदलाचा पहिला परिणाम नाहीसा होतो.

मॉसडेफने ताम्रसृती २.३ च्या टप्प्यासाठी प्रत्येक पट्ट्यात साधारण २ तास दिले. मास्क बसवणे, दुर्बीण सरकवणे आणि डिटेक्टर वाचणे यांसह त्यासाठी अडीच तास धरावेत. जे, एच, के मिळून साडेसात तास होतात, म्हणजे फेब्रुवारीतील एका रात्रीत कॉसमॉसमधील एक मास्क तिन्ही पट्ट्यांत पूर्ण होतो. क्रम ठरवताना एच पट्टा क्षेत्र मध्यमंडलाजवळ असताना घ्यावा असे माझे मत आहे, कारण धुळीच्या मोजमापासाठी लागणारी एच-बीटा ही सर्वांत क्षीण रेषा त्यात असते आणि सर्वांत चांगली हवा तिलाच मिळायला हवी.

चंद्राची फार चिंता करू नये. त्याचा प्रकाश अवरक्त पट्ट्यांत पुष्कळ कमी उपद्रव देतो, आणि म्हणूनच या कामाला बहुधा उजळ रात्री मिळतात. चंद्र क्षेत्राच्या अगदी जवळ नाही एवढे पाहिले म्हणजे झाले.

निरीक्षणाची रात्र

केकचे निरीक्षक आता सहसा शिखरावर नसतात. ते पायथ्याकडच्या वाइमेआ गावातील मुख्यालयातून किंवा दूरस्थ कक्षातून उपकरण चालवतात; दुर्बीण हाताळणारा चालक मात्र वेधशाळेचा असतो. हवाईची वेळ भारतापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे, म्हणून तिथल्या संध्याकाळी सहाला आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. सर्व नोंदी जागतिक वेळेतच ठेवाव्यात, कारण फाइलींमध्येही तीच असते. मौनाकेआ हवाईच्या मूळ रहिवाशांसाठी पवित्र पर्वत आहे, आणि तिथून मिळालेल्या प्रत्येक रात्रीची कृतज्ञ नोंद शोधनिबंधात केली जाते, तशी ती करावी.

दुपारीच घुमटाच्या आतल्या दिव्यांनी प्रत्येक मास्कचे आणि पट्ट्याचे फ्लॅट (एकसारख्या प्रकाशाच्या तुलना-प्रतिमा) घ्यावेत. के पट्ट्यासाठी दिवे बंद ठेवूनही तेवढेच फ्लॅट घ्यावेत, कारण घुमटाची उष्णता त्यात मिसळलेली असते आणि ती वजा करावी लागते. के पट्ट्याच्या लाल टोकाला हायड्रॉक्सिलच्या रेषा विरळ होतात, म्हणून तेथील तरंगलांबीच्या मापनासाठी निऑन आणि अरगॉनच्या दिव्यांचे वर्णपटही घेऊन ठेवावेत.

क्षेत्र उगवल्यावर मास्क बसवण्याचे काम येते. संरेखन ताऱ्यांच्या जागी पट्ट्या उघडून सुमारे ४ आर्कसेकंदांच्या चौकोनी खिडक्या केलेल्या असतात. त्यांची प्रतिमा घ्यायची, आकाश वजा करायचे, तारे खिडक्यांच्या मध्यापासून किती सरकलेले आहेत ते मोजून दुर्बिणीचे स्थान आणि फिरकी दुरुस्त करायची. उरलेली चूक ०.१ आर्कसेकंदाच्या आत येईपर्यंत हे पुन्हा करावे. एखादा तारा इतरांशी मेळ खात नसेल तर त्याची स्वतःची गती किंवा सूचीतील चूक हे कारण असू शकते. त्याला बाजूला ठेवून बाकीच्यांवर विश्वास ठेवावा. तेजस्वी ताऱ्यांची छाप डिटेक्टरवर काही काळ टिकते, हेही ध्यानात असू द्यावे.

पहिल्या दोन चौकटी (एकेका एक्सपोजरच्या प्रतिमा) येताच ए वजा बी करून पाहणे ही सर्वांत महत्त्वाची सवय आहे. फटीतील ताऱ्याचा एक उजळ आणि एक गडद माग स्पष्ट दिसला पाहिजे. तो क्षीण किंवा जाड दिसला तर मास्क पुन्हा तपासावा; तीन तासांनी हे कळून काही उपयोग नाही. त्यानंतर प्रत्येक आवर्तनात त्या ताऱ्याची जाडी, तेज आणि डिटेक्टरवरील स्थान लिहून ठेवावे. दुर्बीण दृश्य प्रकाशातील ताऱ्यावर रोखलेली असते आणि वर्णपट अवरक्तात घेतला जातो. दोहोंचे वातावरणातील वक्रीभवन वेगळे असल्यामुळे आणि उपकरणाच्या लवचिकतेमुळे मास्क तासागणिक थोडा सरकतो. सुमारे दोन तासांनी संरेखन पुन्हा करणे हा चांगला नियम आहे.

वातावरणाचे शोषण दुरुस्त करण्यासाठी ए-शून्य वर्गाच्या ताऱ्याचा वर्णपट लागतो, कारण हायड्रोजनच्या रेषा सोडल्या तर त्याचा वर्णपट जवळजवळ गुळगुळीत असतो. हा तारा लक्ष्याइतक्याच उंचीवर असताना, शक्यतो सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा घ्यावा.

दुर्बिणीचा वेळ हाताशी नसेल तर

गोपनीयतेची मुदत संपलेली मॉस्फायरची निरीक्षणे केकच्या सार्वजनिक संग्रहात उपलब्ध आहेत आणि ती कोणालाही उतरवून घेता येतात. पुण्यात, नागपुरात किंवा घरी बसलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला इथून पुढच्या सगळ्या पायऱ्या खऱ्या चौकटींवर करता येतील. हातात उपकरण धरून शिकायचे असेल तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अवरक्त गटाने घडवलेली उपकरणे देशातच आहेत: हानले येथील २ मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवरील टिर्स्पेक आणि देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरील टॅनस्पेक. ताम्रसृती २.३ च्या रेषा त्यांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, पण फटीत सरकवण्याची पद्धत, ए-शून्य तारे आणि हायड्रॉक्सिलची वजाबाकी जवळच्या दीर्घिकांवर शिकण्यासाठी त्यांच्याइतकी चांगली शाळा नाही.

चौकटींपासून वर्णपटापर्यंत

प्रक्रियेसाठी मॉस्फायरची स्वतःची पाइपलाइन किंवा अनेक उपकरणांसाठी चालणारे पायपइट, दोन्ही पायथनवर आधारित आणि खुले आहेत. फ्लॅटवरून फटींच्या कडा शोधणे, हायड्रॉक्सिलच्या रेषांवरून तरंगलांबी बसवणे, ए आणि बी ची परस्पर वजाबाकी, उरलेल्या आकाशाचे गुळगुळीत वक्राने केलेले सूक्ष्म निर्मूलन, वर्णपट सरळ करणे आणि शेवटी सर्व चौकटींची बेरीज, असा क्रम असतो. एरवी अडथळा ठरणारी आकाशरेषाच इथे तरंगलांबीची मोजपट्टी होते, ही या पद्धतीतली मोठी सोय आहे.

तीन गोष्टी हाताने तपासाव्यात. तरंगलांबी हवेतली की निर्वातातली, हे पाहावे: एच-आल्फा हवेत ६,५६३ आणि निर्वातात ६,५६५ अँगस्ट्रॉम असते, आणि गफलत झाली तर गतीत दर सेकंदाला ८० किलोमीटरहून अधिक चूक येते. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीची दुरुस्ती, जी दर सेकंदाला ३० किलोमीटरपर्यंत असू शकते, एकदाच झाली आहे ना, हे पाहावे. आणि बेरीज करताना फटीतील ताऱ्याच्या तेजावरून चौकटींना भार द्यावा, म्हणजे ढगाळ किंवा धूसर चौकटी चांगल्या चौकटींना बिघडवणार नाहीत.

त्रुटी-वर्णपट, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची अनिश्चितता, मूळ वर्णपटाइतक्याच काळजीने जपावा. तो हायड्रॉक्सिलच्या जागी उंच शिखरे दाखवतो आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्या आधारे होतो. वर्णपट गुळगुळीत करून सुंदर दिसेल, पण शेजारच्या पिक्सेलांचा नॉइज एकमेकांत मिसळल्यावर त्रुटीचा हिशेब खोटा ठरतो. मापनासाठी मूळ आवृत्तीच वापरावी.

रेषा खरी आहे का

या टप्प्यावर घाई करू नये. आकाशाच्या वजाबाकीतून उरलेला एखादा ठिपका रेषेसारखा दिसतो, आणि अपेक्षित ताम्रसृती माहीत असलेल्या माणसाला तो अपेक्षित जागीच दिसतो.

पहिली कसोटी द्विमितीय वर्णपटात आहे. ए आणि बी दोन्ही स्थानांची वजाबाकी आणि बेरीज झाल्यावर खरी रेषा मध्ये उजळ आणि तिच्या दोन्ही बाजूंना, नेमक्या सरकवण्याच्या अंतरावर, निम्म्या तीव्रतेच्या गडद खुणांसह दिसते. वैश्विक किरण, खराब पिक्सेल किंवा आकाशाचा उरलेला अंश अशी त्रिकूट-रचना करत नाहीत. दुसरी कसोटी स्थानाची: रेषा फटीत जिथे दीर्घिका असायला हवी तिथेच आहे का? नसेल तर ती फटीत योगायोगाने आलेल्या दुसऱ्याच दीर्घिकेची असू शकते, आणि असे शोध कमी नसतात. तिसरी कसोटी जाडीची, कारण उपकरणाच्या विभेदनापेक्षा अरुंद रेषा खरी असूच शकत नाही.

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे सोबतच्या रेषा. ताम्रसृती २.३ ला ऑक्सिजनच्या ५,००८ आणि ४,९६० च्या रेषांमधले अंतर १५८ अँगस्ट्रॉम आणि तीव्रतेचे गुणोत्तर जवळपास ३ असते, आणि ते अणुभौतिकीने ठरलेले आहे. एच-आल्फाच्या लाल बाजूला ६८ अँगस्ट्रॉमवर नायट्रोजनची रेषा हवी. एकच रेषा दिसत असेल तर तिची ओळख रंगपट्ट्यांवरून काढलेल्या ताम्रसृतीवर टेकलेली आहे, असे सूचीत स्पष्ट लिहावे आणि अशा दीर्घिकांचा दर्जा वेगळा ठेवावा.

मोजमाप

एका पट्ट्यातील सर्व रेषांना समान ताम्रसृती आणि समान जाडी देऊन एकत्रच गाऊसीय (घंटेच्या आकाराचे) वक्र बसवावेत, ऑक्सिजनचे ३ ला १ हे गुणोत्तर बांधून ठेवावे, आणि प्रत्येक पिक्सेलला त्याच्या त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात भार द्यावा. अनिश्चितता काढण्यासाठी त्रुटी-वर्णपटानुसार कृत्रिम नॉइज मिसळून तीच क्रिया शेकडो वेळा करावी. विभेदनक्षमता ३,६०० असल्याने उपकरणाचा स्वतःचा गती-विस्तार दर सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर येतो. तो मोजलेल्या जाडीतून वर्गांच्या वजाबाकीने काढून टाकावा.

मग रेषेच्या प्रकाशाचे भौतिक राशीत रूपांतर. समजा एच-आल्फाचा प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला ५ गुणिले १० चा उणे १७ वा घात अर्ग इतका आला. ताम्रसृती २.३ ला याचा अर्थ दर सेकंदाला सुमारे २ गुणिले १० चा ४२ वा घात अर्ग एवढी दीप्ती, आणि धूळ लक्षात न घेता, शाब्रिए यांचे ताऱ्यांच्या वस्तुमानाचे वितरण धरले तर वर्षाला सुमारे १० सूर्यांएवढे तारे. आपल्या आकाशगंगेपेक्षा हा वेग कितीतरी अधिक आहे, आणि या काळात तो सर्वसामान्य दीर्घिकेचा वेग होता.

धुळीची दुरुस्ती एच-आल्फा आणि एच-बीटा यांच्या गुणोत्तरावरून होते. धूळ नसेल तर ते २.८६ असते आणि धूळ निळ्या रेषेला अधिक अडवत असल्यामुळे ते वाढते. सावध राहावे लागते ते इथे: एक रेषा के पट्ट्यातली, दुसरी एच पट्ट्यातली, दोन्ही वेगळ्या तासांत, वेगळ्या सीइंगमध्ये घेतलेल्या. दोन पट्ट्यांच्या तेजमापनात २० टक्क्यांची चूक राहिली तर धुळीच्या दुरुस्तीतून ती एच-आल्फाच्या दीप्तीत दीडपटीच्या आसपास पोहोचते. म्हणूनच फटीतील तारा, म्हणूनच त्याच्या अवरक्त तेजाशी प्रत्येक पट्ट्याची तुलना, आणि म्हणूनच दीर्घिकेच्या हबल-प्रतिमेवरून फटीबाहेर राहिलेल्या प्रकाशाचा स्वतंत्र अंदाज. एच-बीटाच्या खाली ताऱ्यांच्या वातावरणामुळे पडणारा शोषणाचा खड्डाही भरून काढावा लागतो.

नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषांवरून जड मूलद्रव्यांचा अंश काढताना जवळच्या दीर्घिकांवर बसवलेली सूत्रे जशीच्या तशी वापरू नयेत. केबीएसएस (केकवरचेच आणखी एक सर्वेक्षण) आणि मॉसडेफ या दोन्ही सर्वेक्षणांनी दाखवून दिले आहे की ताम्रसृती २.३ च्या दीर्घिका रेषा-गुणोत्तरांच्या आलेखात आजच्या दीर्घिकांच्या पट्ट्यापासून सरकलेल्या आहेत. निष्कर्षाबरोबर कोणते सूत्र वापरले हे लिहिले नाही तर तो आकडा इतरांना निरुपयोगी ठरतो.

शेवटी राहतात त्या न दिसलेल्या रेषा. त्या यादीतून काढू नयेत. त्यांच्या जागी त्रुटी-वर्णपटावरून तीन सिग्माची (अनिश्चिततेच्या तिप्पट) वरची मर्यादा नोंदवावी, आणि रेषा हायड्रॉक्सिलखाली झाकली गेली असेल तर ‘क्षीण’ न म्हणता ‘मोजता आली नाही’ असे लिहावे. या दोहोंत मोठा फरक आहे. वस्तुमान किंवा ताऱ्यांच्या जन्माच्या वेगानुसार अशा दीर्घिकांचे गट करून त्यांचे वर्णपट मूळ तरंगलांबीवर आणावेत आणि प्रत्येक पिक्सेलला त्रुटीनुसार भार देऊन सरासरी काढावी. प्रत्येक दीर्घिकेची ताम्रसृती वेगळी असल्याने एकीची झाकलेली तरंगलांबी दुसरीत मोकळी असते, आणि वीस-पंचवीस वर्णपटांच्या सरासरीत हायड्रॉक्सिलचे डाग विरून नायट्रोजनसारख्या क्षीण रेषा वर येतात. सरासरीची अनिश्चितता मात्र केवळ त्रुटी-वर्णपटांवरून काढू नये. गटातून दीर्घिका पुन्हा पुन्हा यादृच्छिकपणे निवडून तीच सरासरी अनेकदा काढावी, म्हणजे दीर्घिकांमधला आपापसातला फरकही त्या आकड्यात येतो.